पॉपीचं आडनाव

“कुंडीला हात लावाल तर बोटं मोडून ठेवीन!” सत्तरीची तुळजाक्का कडाडली.

तालुक्याच्या पुष्पप्रदर्शनात तिने तीन महिने जपलेली तांबडी पॉपी मांडली होती. परीक्षक इनामदारांनी तिला अफू ठरवलं आणि माळ्याला रोपं उपटायला सांगितलं.

“पाटीवर तुम्हीच ‘पापाव्हर’ लिहिलंय,” इनामदार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “लॅटिनमध्ये पापा म्हणजे बाळाची पेज. तिकडे पेजेत हिचा चीक कालवून पोरं झोपवायचे, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. अफूच ही!”

माणसाने वाचलं होतं, पण समजून घेतलं नव्हतं.

“अहो, पापाव्हर हे आडनाव झालं,” आक्का म्हणाली. “त्या घराण्यात अफू आहे, तशी ही रानातली पॉपीही आहे. अफूचं पान गुळगुळीत असतं. हिच्या पानांवर, देठावर लव आहे, डोळे उघडून बघा.”

“बघायचं काय त्यात? आडनाव एक, तर गुणही एक! चौथी शिकलेल्या बाईने मला शिकवू नये.”

लोक फिदीफिदी हसले. आक्काने माळ्याच्या हातातलं खुरपं हिसकावलं.

“मग इनामदारसाहेब, परवा एसटी स्टँडवर मंगळसूत्र खेचताना धरला तोही इनामदारच होता, आधी तुम्हाला चौकीत नेऊ, मग माझी रोपं उपटू!”