रिकाम्या पिकअपखालचं बीळ

एक होता डोंगर. डोंगराला होता चढ. चढाच्या कडेला होतं बीळ. बिळात राहायची टिकली उंदरी आणि तिचं पिल्लू, तिळू. तिळू अगदी नवा नवा. अंगावर केस नाहीत. डोळे उघडलेले नाहीत.

थंडी मी म्हणत होती. गवतावर दहिवर पडून गोठलं होतं. सगळं पांढरं पांढरं. टिकली बाहेर गेली, तिळूसाठी कापूस आणायला.

तेवढ्यात चढावर आली पिकअप. घुर्रर घुर्रर. पाठीवर शेणखताची पोती. चाक जरासं घसरलं. गाडी चालवत होते भैरूमामा. मामा म्हणाले, "गाडी जड झालीया. हलकी केली की चढंल." आणि मामांनी सगळी पोती खाली उतरवली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मामांची तर गाडीच रिकामी.

रिकामी गाडी मागे आली. सर्रर्र. चाक नुसतंच फिरलं, गरगर गरगर. आणि बसलं बिळाच्या तोंडावर. थप्प.

टिकली परत आली. बघते तर काय, दारच नाही. आतून आवाज आला, "चीं."

टिकलीनं माती उकरली. माती गोठलेली. नखं दुखली, पण माती हलली नाही.

टिकली म्हणाली, "पिकअपताई, पिकअपताई, सरक ना. माझं पिल्लू बाहेर येईना."

पिकअप म्हणाली, "माझी पाठ रिकामी. चाक घसरतं. मामा पोती चढवतील, तर मी हलेन."

लुटूलुटू लुटूलुटू टिकली गेली मामांकडे.
"मामा, मामा, पोती चढवा ना.
पिकअप हलेना,
माझं पिल्लू बाहेर येईना."

मामा म्हणाले, "चुकलंच बघ माझं. पर हात गारठल्यात. बोटं मिटंनात. काकू चहा देतील, तर पोती चढवीन."

लुटूलुटू लुटूलुटू टिकली गेली गोदाकाकूंच्या टपरीवर.
"काकू, काकू, चहा द्या ना.
मामा पोती चढवीनात,
पिकअप हलेना,
माझं पिल्लू बाहेर येईना."

काकू म्हणाल्या, "पाणी उकळतंय, पर दूध कुठाय? म्हैस दूध देईल, तर चहा देईन."

लुटूलुटू लुटूलुटू टिकली गेली म्हशीकडे. वाटेत बीळ लागलं. टिकलीनं कान लावला. "चीं." आवाज बारीक झाला होता.
"म्हशीबाई, म्हशीबाई, दूध दे ना.
काकू चहा देईनात,
मामा पोती चढवीनात,
पिकअप हलेना,
माझं पिल्लू बाहेर येईना."

म्हैस म्हणाली, "अंग काकडलंय माझं. ऊन पडेल, तर दूध देईन."

लुटूलुटू लुटूलुटू टिकली डोंगरावर चढली. पाय गार. नाक गार. शेपटी गार. ऊन माथ्यावर बसलं होतं.
"ऊनदादा, ऊनदादा, खाली पड ना.
म्हैस दूध देईना,
काकू चहा देईनात,
मामा पोती चढवीनात,
पिकअप हलेना,
माझं पिल्लू बाहेर येईना."

ऊन म्हणालं, "मी केव्हाचा निघालोय. मध्ये धुकं बसलंय. धुकं उठेल, तर खाली पडेन."

लुटूलुटू लुटूलुटू टिकली परत खाली आली. बिळाला कान लावला. आवाज नाही. परत कान लावला. आवाज नाहीच. ती धुक्याकडे पळाली.
"धुकेबाबा, धुकेबाबा, ऊठ ना.
ऊन खाली पडेना,
म्हैस दूध देईना,
काकू चहा देईनात,
मामा पोती चढवीनात,
पिकअप हलेना,
माझं पिल्लू बाहेर येईना."

धुकं म्हणालं, "मला उठवतो वारा. वारा फुंकर घालील, तर उठेन."

"वारा कुठं आहे?"

"आज आलाच नाही. कधी येईल कोण जाणे."

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. टिकली मटकन खाली बसली. खूप रडली. कुणी आलं नाही.

मग टिकली उठली. तिनं छाती भरून घेतली. फू. धुकं हललं नाही. फू. धुकं हललं नाही. टिकली रडत रडत फुंकत राहिली. फू. फू. फू. फू.

धुक्याला पडलं एक भोक. एवढंस्सं, तिळाएवढं.

धुकं म्हणालं, "अगं, गुदगुल्या होतात." आणि धुकं उठलं.

धुकं उठलं,
ऊन खाली पडलं,
म्हशीनं दूध दिलं,
काकूंनी चहा दिला,
मामांनी पोती चढवली. धप्प. धप्प. धप्प.

पिकअप म्हणाली, "अजून थोडं."

पोती तर संपली. मग गोदाकाकूच मागे चढून बसल्या.

पिकअप म्हणाली, "अजून थोडं."

टिकलीनं मारली उडी. बसली काकूंच्या शेजारी, एवढीशी.

"आता कसं," पिकअप म्हणाली.

घुर्रर घुर्रर. चाकानं माती धरली. पिकअप हलली.

टिकलीनं खाली उडी मारली. काकू म्हणाल्या, "भैरूभाऊ, थांबा की, मला उतरू द्या." पण चढावर गाडी थांबवतंय कोण? काकू गेल्या वर.

बिळाचं दार उघडलं. आत अंधार. आत तिळू. गार गार. टिकलीनं त्याला पोटाशी घेतलं. हलला नाही. तिनं त्याला चाटलं. हलला नाही. तिनं त्याच्यावर फुंकर घातली, ऊन ऊन फुंकर. फू. फू. फू.

"चीं."

चुटूचुटू चुटूचुटू तिळू दूध प्यायला लागला.

पोट भरलं, थंडी पळाली.
तिळू झोपला पोटाशी,
गोष्ट संपली ती अशी.