रिबकाचा भोपळा

साऱ्या गावात मिळून एकच घड्याळ होतं आणि तेही पाळकसाहेबांच्या खिशात असायचं, त्या काळातली ही गोष्ट. नगरच्या मुलखात खडकओहोळ नावाचं एवढंसं गाव. ओढ्याच्या अलीकडे ख्रिस्ती मंडळीची घरं, त्यांच्या मधोमध दगडी देऊळ म्हणजे त्यांचं चर्च, आणि ओढ्यापलीकडे बाकीचं गाव. अलीकडच्या आळीत शलमोन नावाचा गवंडी राहायचा, आणि त्याची ढोलकी पंचक्रोशीत गाजलेली होती.

शलमोननं थाप मारली की ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायांचे हात आपोआप ठेक्यात पडायचे, असं म्हणतात. मोटेचे बैल तालात पाय टाकायचे. एकदा तर नाताळच्या भजनाचा आवाज ऐकून पाटलांची रुसून निघालेली सून अर्ध्या वाटेवरून नांदायला परत आली. आता सुनेला विचारलं असतं तर तिनं वेगळंच कारण सांगितलं असतं, पण गोष्टीत सुनेला कोण विचारतो?

या शलमोनला लेक झाली. तिचं नाव ठेवलं रिबका. पोर गोड होती, पण ओठ निळे, नखं निळी, आणि दूध ओढताना दम लागायचा. शलमोन आणि त्याची बायको सगुणा तिला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि हळूच सांगितलं, पोरीच्या काळजाला भोक आहे, त्याला औषध नाही, आहे तोवर तिला जीव लावा.

परतीच्या वाटेवर शलमोननं गाडी थांबवली. एका चिंचेखाली गुडघे टेकले आणि देवाला म्हणाला, "माझी पोर ज्या दिवशी पळंल, त्याच दिवशी म्या ढोलकीला हात लावीन." घरी आल्यावर त्यानं ढोलकी सगुणाच्या जुन्या लुगड्यात बांधली आणि आढ्याला टांगली.

पाळकसाहेब धावत आले. "शलमोन, आपल्यात नवस नसतो रे."

"नवस न्हाई साहेब, शब्द हाय."

"देवाला शब्द द्यायचा आणि त्याच्या बदल्यात काहीतरी मागायचं, याला दुसरं काय म्हणतात?"

शलमोन कामावर निघून गेला आणि ढोलकी आढ्यालाच गप्प राहिली. त्या दिवसापासून देवळातली भजनं अशी रेंगाळायला लागली की पहिल्या कडव्याला डुलकी लागलेला याकोबमामा शेवटच्या कडव्याला घोरत असायचा.

रिबका मोठी झाली, पण तिचे पाय काही मोठ्या माणसाचे झाले नाहीत. दारातून अंगणापर्यंत चाललं तरी तिला धाप लागायची. म्हणून सगुणानं अंगणात शेवग्याखाली तिची खाट टाकली आणि तिथंच रिबकाचा दरबार भरायला लागला. ती तीन शब्द बोलायची, श्वास घ्यायची, मग पुढचे तीन शब्द बोलायची. त्यामुळे ऐकणारा वाकून कान पुढे करायचा आणि तेवढ्यात ती त्याची अशी काही टोपी उडवायची की सगळं अंगण हसायचं. आजारी पोरीची विचारपूस करायला आलेली माणसं स्वतःचीच दुखणी विसरून घरी जायची. खोकला जायचा, पोटशूळ जायचा, असंही म्हणतात. पाटलांच्या गुरांना घेऊन येत जा, असं ती गंभीर तोंड करून गुराख्याला सांगायची, आणि तो बिचारा खरंच एक लंगडी म्हैस घेऊन आला होता. म्हैस परत जाताना धड चालत गेली म्हणे.

रिबकाला लिहिता-वाचता येत होतं, पण पुस्तक हातात धरूनही दमायला व्हायचं. मग हन्नाबाई नावाच्या म्हाताऱ्या बायबलबाई रोज येऊन तिला शास्त्र वाचून दाखवायच्या. ऐकून ऐकून पोरीला अध्यायच्या अध्याय पाठ झाले. दुखणं आपल्याबरोबर आलं आणि आपल्याबरोबरच जाणार, हे तिला ठाऊक होतं, आणि येशूच्या घरी जाण्याचं ती शेजारच्या गावी पाहुणी निघाल्यासारखं सहज बोलायची. तिला हवी होती फक्त एक गोष्ट. बापाची ढोलकी तिनं कधीच ऐकली नव्हती. सारं गाव तिच्या खाटेशी बसून त्या ढोलकीच्या गोष्टी सांगायचं, आणि ढोलकी मात्र घरात आढ्याला लोंबत असायची.

पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर तिनं एकदा बापाला गाठलंच.

"बा, एकदाच वाजव. मला ऐकू दे."

"शब्द दिलाय देवाला."

"शास्त्रातल्या इफ्ताहानं पण दिला होता. लढाई जिंकून दे, म्हणाला. मग घरातून जे पहिल्यांदा सामोरं येईल, ते तुला देईन." रिबकानं श्वास घेतला. "लेकच सामोरी आली. डफ वाजवत आली. त्यानं शब्द पाळला, आन् पोर घालवली. देवानं मागितली होती का?"

शलमोननं हातातली गवंडीकामाची थापी खाली ठेवली. तो तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "पोरी, ढोलकी खाली काढली तर त्याचा अर्थ आसा की तू पळशील ही आशाच म्या सोडली. मग देव बी सोडंल."

तेव्हा रिबकाला कळलं की बाप हट्टी नाही, भ्यालेला आहे. तिला त्याची फार माया आली. पण म्हणून तिनं आपला हट्ट सोडला असं समजू नका. ती त्याचीच लेक होती.

त्या पावसाळ्यात तिनं खाटेच्या पायाशी बोटानं एक भोपळ्याची बी खुपसली. बी रुजली, वेल झाला. वेल शेवग्यावर चढला, शेवग्यावरून घरावर, घरावरून शेजारच्या याकोबमामाच्या गोठ्यावर आणि तिथून थेट देवळाच्या घंटेपर्यंत पोचला, असं म्हणतात. एवढ्या वेलाला भोपळा मात्र एकच लागला, पण तो असा वाढला की उचलायला माणसांची रांग लागायची. त्याच्या सावलीला शेळ्या बसायच्या असंही सांगतात. शेळ्यांचं खरं असेल, शेळ्या कुठंही बसतात.

बाजरीची सुगी झाली आणि हंगामाचा सण आला. या सणाला मंडळीतला प्रत्येक जण आपल्या पिकातलं पहिलं देवळात आणतो, आणि उपासना झाली की सगळ्याचा लिलाव होतो. कोंबड्या, अंडी, वांगी, बाजरीची कणसं, कुणाचं करडू, सगळं बोलीवर चढतं आणि देवळात बाजारासारखा गलका होतो. त्या वर्षी सगळ्यांत शेवटी रिबकाचा भोपळा आला, आणि त्याच्या मागून खाटेवर रिबका आली.

पाळकसाहेबांनी बोली पुकारायला तोंड उघडलं, तेवढ्यात रिबका म्हणाली, "माझा भोपळा पैशाला नाही."

"मग कशाला, बाळ?"

"ज्याला जे सोडवत नाही, ते त्यानं सोडायचं. तीच बोली."

 मग याकोबमामा उठला. "म्या वर्षभर देवळात झोपणार न्हाई!" हशा पिकला. त्यावर बांधावरच्या बाभळीपायी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन चुलतभाऊ उठले आणि दोघांनीही बाभळीवरचा हक्क सोडला. आता ती बाभळ कुणाची, हा प्रश्न पुढे बरीच वर्षं कुणाला सोडवता आला नाही. एका सासूनं धान्याच्या कोठीची किल्ली कमरेची काढून सुनेच्या हातात दिली. शेवटी पाळकसाहेब खाकरले आणि म्हणाले, "मी माझं लांब प्रवचन सोडतो." यावर एवढ्या टाळ्या पडल्या की बिचारे ओशाळलेच.

प्रत्येक बोलीला रिबका "एक वार" म्हणायची, "दोन वार" म्हणायची, आणि थांबायची. बोली पक्की करणारं "तीन वार" काही तिच्या तोंडून निघेना. ती दाराकडे बघत होती. दाराच्या चौकटीला टेकून शलमोन उभा होता. एकेक करून सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या आणि गलका थांबला. शलमोन पाठ फिरवून बाहेर निघून गेला.

पोरीनं चारचौघांत बापाला दुखवलं, असंच सगळ्यांना वाटलं. शलमोन घरी गेला आणि आढ्याखाली उभा राहिला. त्याला दिलेला शब्द सोडवत नाही असं इतकी वर्षं लोक समजत होते. खरं म्हणजे त्याला लेक सोडवत नव्हती, म्हणून तो देवाचा पदर धरून बसला होता, हे दे तर ते देईन म्हणत. आणि त्या ओढाताणीत ज्या पोरीसाठी हे चाललं होतं तिला त्यानं एक थापही ऐकू दिली नव्हती. शलमोन उभ्या उभ्या ढसाढसा रडला. मग चौरंगावर चढून त्यानं गाठ सोडली. लुगड्याच्या चिंध्या झाल्या होत्या, पण ढोलकीला उंदीर लागला नव्हता की वाळवी. वाजवायच्या कातड्याचं पान तर असं ताणलेलं होतं की काल संध्याकाळी कुणीतरी चढवलं असावं, असं म्हणतात.

तो देवळात आला. "माझी बोली," तो म्हणाला. "म्या माझा शब्द सोडला. देवानं त्याला वाटंल तसं करावं."

"तीन वार!" रिबका ओरडली. त्या वेळी तिला मधे श्वास घ्यावा लागला नाही, आणि तिचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू गेला.

मग ढोलकी वाजली. काय वाजली म्हणून सांगू! लिलावातल्या कोंबड्या दोऱ्या तोडून नाचल्या, घंटा कुणी न ओढता वाजली, हन्नाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा फुगडी घातली. आणि रिबका खाटेवरून उतरली आणि पळाली. कुणी म्हणतं ओढ्याच्या उतारापर्यंत जाऊन परत आली, कुणी म्हणतं दारापर्यंतच गेली. पण पळाली, याबद्दल खडकओहोळात दुमत नाही. शलमोननं म्हटलं होतं आधी पळू दे, मग वाजवीन. देवानं सांगितलं, तू आधी वाजव बरं.

भोपळ्याचे घारगे झाले. मंडळीनं खाल्ले, ओढ्यापलीकडच्या गावानं खाल्ले, वाटेनं जाणाऱ्या वाटसरूंनी खाल्ले, तरी परात रिकामी होईना, असं म्हणतात.

रिबकानं तो नाताळ पाहिला. रोज संध्याकाळी ती खाटेवर पडून ढोलकी ऐकायची आणि बापाच्या चुका काढायची. हरभरा सोंगायच्या दिवसांत एका सकाळी तिचा श्वास आखडत गेला. सगुणानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. शलमोन ढोलकी ठेवायला लागला तसं ती म्हणाली, "ठेका सोडू नको." त्यानं सोडला नाही. ती केव्हा गेली ते सगुणाला कळलं, आणि त्यालाही कळलं, तरी त्याचे हात थांबले नाहीत. डोळ्यांतलं पाणी पानावर पडत होतं, आणि असं म्हणतात की ओल्या पानातूनही नाद खणखणीत येत होता. दिवस मावळताना सगळ्या गावानं, अलीकडच्या आणि पलीकडच्या, तिला ढोलकीच्या तालावर मातीपर्यंत पोचवलं.

अजूनही खडकओहोळात हंगामाच्या सणाला शेवटचा लिलाव भोपळ्याचा असतो. त्याला पैसे चालत नाहीत. कुणी तंबाखू सोडतं, कुणी जुनं भांडण, आणि नवीन आलेल्या पाळकसाहेबांना पहिल्या वर्षी काय सोडायचं ते गावच सुचवतं. तीन वार झालं की ढोलकी सुरू होते आणि सगळं गाव देवळातून ओढ्याच्या उताराकडे पळत सुटतं. म्हाताऱ्या पदर खोचून पळतात, लेकरं कडेवरून पळतात. ज्यांना चालता येत नाही, त्यांच्या खाटा चौघे चौघे खांद्यावर घेऊन पळतात. त्या खाटा सर्वांत पुढे असतात, आणि खाटेवरचे "आणखी जोरात!" म्हणून ओरडत असतात. धडधाकट माणसं मागून धापा टाकत येतात. एरवी गावात कोण कुणाच्या पुढे जाईल याचा नेम नाही, पण त्या दिवशी आजारी माणसाच्या पुढे कुणी पळत नाही.