धुळीवर थांबलेलं रॉकेट

“जमिनीपाशी येऊन थांबलेलं रॉकेट पुन्हा वर का जाईल, सर?”

या प्रश्नानं केतकीचा रात्रभर डोळा लागला नव्हता. निदान तिनं स्वतःची समजूत तरी तशीच घातली होती. खरं म्हणजे मध्येच केव्हातरी तिच्या लेकीनं, चार वर्षांच्या इरानं, झोपेत हाक मारली होती. ती हाक सांभाळायला येणाऱ्या मावशींना होती... पण हे काही सरांना विचारण्यासारखं नव्हतं.

पागे सरांनी तिला कॉलेजात रॉकेटशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते वाईला राहत. ओटीवर बसून ते मोड आलेले वाल सोलत होते.

“आधी वर ये.”

“नको सर, लगेच निघायचंय. उद्या बैठक आहे.”

ती पायरीवरच उभी राहिली. रविवार, मावशींना सुट्टी, म्हणून इरा बरोबर होती. तिनं चपला भिरकावल्या आणि सरांच्या परातीशी जाऊन बसलीसुद्धा.

“बोल.”

केतकी बोलली. तिची कंपनी एक असं रॉकेट बनवत होती, जे वर जाऊन आलं की सरळ उभं उतरेल आणि पुन्हा उडेल. परवा चाचणी झाली. रॉकेट बरोबर ठरल्या जागी आलं. पण जमिनीच्या थोडं वरच त्याचा वेग शून्य झाला. इंजिन कितीही मंद केलं, तरी त्याचा जोर रिकाम्या होत आलेल्या रॉकेटच्या वजनाहून जास्तच राहतो. म्हणून ते पुन्हा वर चढलं. वरच इंधन संपलं. मग पडलं.

“पाय उघडले होते?”

“चारही... तेच बघवत नाही, सर. उतरायच्या तयारीत होतं बिचारं.”

“मग वरच का थांबलं?”

“इंजिनाच्या झोतानं धूळ उडाली. रडारला वाटलं, हीच जमीन.”

“धूळ कोणी उडवली म्हणालीस?”

“...त्यानंच.”

सर वाल सोलत राहिले.

केतकीचा फोन वाजला. “दोनच मिनिटं हं, सर.” ती बोलत बोलत अंगणात गेली, विहिरीपाशी दोन फेऱ्या झाल्या, आणि ती परत येऊन त्याच पायरीवर उभी राहिली. सरांनी सरकवलेला पाट तसाच रिकामा होता.

“तर सर, जमीन कुठली आणि धूळ कुठली, हे त्याला कसं शिकवू?”

“धुळीतून आरपार बघणारं दुसरं रडार लाव. हे तुला माहीत आहे.”

“हो.”

“मग एवढ्यासाठी पुण्याहून आलीस?”

केतकीनं पिशवीचा बंद या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. उगीचच.

“सर... पूर्वी मी घरी आले की ही दाराशी धावत यायची. हल्ली मान वर करते, बघते, आणि परत खेळायला लागते. मी लाडानं हाक मारते. खाऊ आणते. तरीही.” ती ओशाळवाणं हसली. “रॉकेटचं निदान रेकॉर्डिंग तरी असतं. हिचं कुठे काय बिघडलं, ते मी कुठे बघू?”

सरांनी मूठभर वाल इराच्या पुढ्यात ठेवले.

“काय गं, आई घरी आली की तू उठत नाहीस म्हणे?”

इरानं चिमटीत वाल दाबला. दाणा सुटून लांब गेला. तो शोधून तिनं परातीत टाकला. मग पायरीकडे पाहिलं, आईच्या चेहऱ्याकडे नव्हे, जरा खाली.

“मी आधी बघते,” ती म्हणाली, “आई चपला काढते का.”