तीन भोंगे, एक खुर्ची

टेकडीवरच्या टॉवरवरून तीन वाड्यांना इंटरनेट द्यायचं, म्हणून इंजिनिअर मंदाकिनीने तीन दिशांना तोंड करणारे तीन सेक्टर अँटेना, म्हणजे एकेका बाजूलाच सिग्नल देणारे, निवडले. सरपंच दौलतराव गरजले, “तिन्हींची तोंडं माझ्या बंगल्याकडे कर! मान पहिला माझा.”

“बरं, दादा,” म्हणत मंदाकिनी गालातल्या गालात हसली.

उद्घाटनाला दौलतराव खुर्चीसमोरच्या माइकवर भाषणाला उभे राहिले, तर मांडवातले तिन्ही भोंगे त्यांच्याच खुर्चीकडे वळलेले. पहिल्याच शब्दाला भोंगे असे केकाटले, की सरपंचांनी कानांत बोटं घातली. मागून लोक ओरडले, “आम्हाला काहीच ऐकू येईना!”

“भोंगे इकडे कुणी वळवले?”

“मीच, दादा. मान पहिला तुमचा!”

मांडव खदखदून हसला. सरपंच पुटपुटले, “फिरव लोकांकडे.”

“भोंगे की अँटेना?”

“दोन्ही, बाई, दोन्ही!”