उभी गाडी, थांबलेली गाडी

"मग थांबवू तरी कशी?" सौमित्रने विचारलं. "टेबलावरची गाडी पळते कुठे, की ती थांबवायची?"

दस्तगीरचाचा बांबूची कामटी तासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पळतीय ती," ते म्हणाले. "मला दिसतीय."

सौमित्र हळबे दातांचा डॉक्टर. कराडला दवाखाना, आणि फावल्या वेळात रणगाड्यांच्या प्रतिकृती करायचा नाद. पुण्याच्या स्पर्धेत दोनदा पहिला आलेला. आपल्यासारखा हात जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि ते तो लपवतही नसे.

या गावच्या सैनिक सभागृहासाठी एकाहत्तरच्या लढाईचा देखावा करायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याने माळ्यावरचा जुना संच काढला. बाराव्या वर्षी मामाने दिलेला रणगाडा. तेव्हा भसाभसा डिंक ओतून जोडलेला, एका बाजूचा पट्टा तुटलेला. तो त्याने उकलला, घासला, नव्याने रंगवला. खाली थर्माकोलची नदीकाठची जमीन केली. केरसुणीच्या काड्यांचं लव्हाळं लावलं. गाडीमागे पिंजलेल्या कापसाची धूळ उडवली.

गावच्या माजी सैनिक संघाचे अध्यक्ष सुभेदार बाजीराव घार्गे ते बघून खूश झाले होते. "ही आपल्या गावची गाडी," ते म्हणाले होते. "ती चालवणारा माणूस अजून आहे गावात. मोहरमचे ताबूत करतो. एकदा त्यांना दाखवा."

म्हणून तो इथे आला होता. शाबासकी घ्यायला.

"त्या दिवशी गाडी पळत नव्हती का?" त्याने विचारलं.

"पळत हुती. मग मी थांबवली."

"बिघडली?"

"न्हाई."

"मग?"

चाचांनी कामटी खाली ठेवली.

"सकाळची येळ. धुकं. म्होरं लव्हाळ्यात आपलीच चार पोरं पडली हुती, पायदळाची. जखमी. मला दिसली, वरच्या सायबाला दिसली न्हाईत. कानात हुकूम आला, पुढं घे. मी सांगितलं, माणसं हायत. पुन्हा हुकूम आला, पुढं घे…"

"आणि?"

"थांबवली. उतरलो. चौघांना वढून बाजूला घेतलं. धा मिंटं गेली."

"पुढे काय झालं?"

"फीत काढली माझी. लान्स दफेदार हुतो, पुन्हा साधा सवार झालो."

त्यांनी पुन्हा कामटी उचलली. सौमित्रने देखावा खोक्यात घातला आणि तो निघाला.

पंधरा दिवसांनी तो परत आला. धूळ काढून टाकली होती. लव्हाळ्यात चार जखमी सैनिक होते, नखाएवढे, पण एकाच्या पायाला बांधलेल्या फडक्याची गाठसुद्धा दिसत होती. ती गाठ त्याने दात कोरायच्या सुईने काढली होती.

चाचांनी बराच वेळ पाहिलं. चारही सैनिकांवरून त्यांचं बोट हलकेच फिरलं… स्पर्श न करता.

"पोरं खरी झाली," ते म्हणाले. "गाडी न्हाई झाली."

"आता काय राहिलं?"

"ही उभी हाय. थांबलेली न्हाई."

सौमित्रचा पारा चढला. "चाचा, उभी काय आणि थांबलेली काय, एकच! मी वीस वर्षं हे करतोय."

"मी एकदाच केलं," चाचा म्हणाले.

मग ते उठले, आत गेले आणि खळ भिजवायची मोठी परात पाण्याने काठोकाठ भरून घेऊन आले. ती त्यांनी सौमित्रच्या हातात दिली.

"दारापतोर जा. झपाझपा."

"कशाला?"

"जा तर."

तो निघाला. पाणी हिंदकळत होतं, पण त्याचे हात पक्के होते. चार पावलं, सहा पावलं…

"थांब!"

आवाज असा आला की सौमित्र जागीच खिळला. पाय थांबले, परात थांबली. पाणी थांबलं नाही. सगळं पुढे गेलं, उंबऱ्यावर, चपलांवर, खाली ठेवलेल्या रंगीत कागदांवर.

सौमित्रने रिकामी परात खाली ठेवली.

"कागद भिजले तुमचे," सौमित्र हळूच म्हणाला.

"भिजू द्यात."

घरी जाऊन त्याने गाडी पुन्हा उकलली. चाकांपाशी उरलेला लहानपणचा डिंक दगड झाला होता. दाढेवरचं किटण काढावं तसा तो कणाकणाने काढला. पुढच्या चाकांचे दांडे कापले आणि वाकवून बसवले, तेव्हा गाडीचं नाक खाली दबलं. तोफ झुकली. पट्ट्यांसमोर ओल्या मातीचा ढीग रेटला गेला. वरच्या झाकणातला साहेब पुढे आदळून दोन्ही हातांनी कड धरू पाहत होता. आणि चालकाच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलेलं, लव्हाळ्याकडे वळलेलं.

तो तिसऱ्यांदा आला तेव्हा चाचांनी देखावा पाहिला आणि ते खाली बसले.

"झालं?" सौमित्रने विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात ताठा नव्हता.

चाचांनी मान डोलावली. मग म्हणाले, "एक तुला सांगितलं न्हाई. शेजारची गाडी किस्ना चालवत हुता. ह्याच गावचा. आमी संगं हाय, ह्या भरवशावर तो म्होरं गेला. आमी न्हवतो. त्याची गाडी जळाली."

"आणि ते चार जण?"

"दोन जगले."

सौमित्रला विचारायचं होतं ते त्याने विचारलं नाही. चाचांनी ते ऐकलं असावं.

"धा मिंटांचा हिशेब मी रोज करतो," ते म्हणाले. "जुळत न्हाई. पण गाडी थांबली, ते खरं हाय."

सभागृहात देखावा मांडला, त्या दिवशी सुभेदार घार्गे आधी हसतच आले. मग वाकले. त्यांचं हसू मावळलं.

"हे काय आहे, डॉक्टर?"

"त्या दिवसाची गाडी."

"आम्ही हल्ला करणारी गाडी मागितली होती. काढा ती. पहिल्यासारखी करून लावा."

"नाही करणार," सौमित्र म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. स्पर्धेत परीक्षकांनी भुवई उंचावली तरी रात्रीत रंग बदलणारा माणूस तो.

सुभेदारांनी गाडीकडे हात नेला.

"ती निघणार नाही," सौमित्र म्हणाला. "मातीला कायमची चिकटवलीय. काढायची तर सगळं फोडावं लागेल. ते चौघंही."

हात तिथेच राहिला. फडक्याच्या त्या गाठीवर.

चाचा दारापाशी उभे होते. सुभेदार त्यांच्याकडे वळले. चेहरा लाल झालेला, पण आवाज भरून आला होता.

"किस्ना माझा भाऊ होता, दस्तगीरभाई. मी चौदा वर्षांचा होतो. त्याची पेटी घरी आली, ती मी उघडली. तुम्ही थांबला नसता, तर…"

"तर वाचला असता," चाचा म्हणाले. "कदाचित."

"पन्नास वर्षं मी तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. सणाला घरी बोलावलं. ही तुमचीच गाडी म्हणून मिरवली. आणि तुम्ही मला हे दाखवता?"

"व्हय."

"आज तीच वेळ आली तर?"

"थांबवीन."

"किस्ना शेजारी असला तरी?"

चाचा पुढे आले, देखाव्याच्या अगदी जवळ. नजर मात्र त्यांनी खाली घातली नाही.

"तरी थांबवीन, बाजीराव."

सौमित्रला वाटलं, आता सुभेदार देखावा उचलून आपटणार. त्याने दोन्ही हात चौथऱ्यावर टेकले आणि तो तसाच उभा राहिला.

सुभेदारांनी टेबलावरची कोरी पितळी पट्टी उचलली. देखाव्याखाली नाव कोरून लावायची पट्टी. तळहातावर धरून ते तिच्याकडे बघत राहिले.

"यावर काय लिहू मी?" ते म्हणाले. "अं? गावाला काय सांगू? 'हुकूम मोडला' असं लिहू?"

"लिव्ह की," दस्तगीरचाचा म्हणाले. "जरा मोठ्या अक्षरात लिव्ह. बारीक मला हल्ली वाचता येत न्हाई."