मागच्या खोलीतला तांदूळ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा दुकानात तांदूळ पोत्यातून नव्हे, टोपल्यांतून मांडत.

भाताच्या खाचरांनी वेढलेल्या एका राज्यात एक राजा होता. राणी वारली आणि राजाचं जेवण सुटलं. चिडचिड नाही, तक्रार नाही. ताट समोर यायचं, राजा दोन घास खायचा आणि पाण्याचा पेला उचलायचा.

वैद्य म्हणाले, "असंच चाललं तर महाराज पावसाळा काढायचे नाहीत."

राजवाड्याचा मुख्य आचारी घाबरला. त्यानं हात जोडून विचारलं, "महाराज, काय करू? काय खावंसं वाटतं?"

राजानं हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "ती करायची तो भात. दाणा बारीक असायचा. शिजला की घरभर कळायचं. नाव मी कधी विचारलं नाही."

आचाऱ्यानं चारी दिशांना स्वार धाडले. ते दूरदूरचे तांदूळ घेऊन आले. लांब, पांढरे, सुंदर. राजा प्रत्येकाची चव घेई आणि म्हणे, "छान आहे. पण हा नव्हे."

आचारी कपाळाला हात लावून घरी बसला. तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अहो, राणीसाहेब कधी राज्याची वेस ओलांडून गेल्या होत्या का? मग त्यांचा तांदूळ परमुलखातून कसा येईल? आपल्या पेठेत बघा की जरा."

दुसऱ्या दिवशी आचारी जरीचं पागोटं घालून पेठेत गेला. त्याला पाहताच प्रत्येक दुकानदार उठून उभा राही आणि एकच टोपली पुढे करी: लांब, पांढरा, निवडलेला तांदूळ.

"दुसरा नाही?"

"छे छे! राजवाड्याला याहून हलका कसा दाखवायचा?"

शेवटच्या दुकानाच्या पायरीवर तो दमून बसला. दुकान एका म्हाताऱ्या बाईचं होतं. ती आत चुलीपाशी होती. एवढ्यात आतून असा काही वास आला, की आचारी ताडकन उठला.

"आत्याबाई, आत काय शिजतंय?"

"भात. वाण्याच्या घरी दुसरं काय शिजणार?"

"कुठला भात? मला हवाय तो!"

"तुम्हाला नाही चालायचा."

"का नाही चालायचा?"

म्हातारी पदराला हात पुसत बाहेर आली. "नऊ वर्षं झाली. आमचे मालक याच तांदळाची टोपली घेऊन तुमच्या मुदपाकखान्यात आले होते. तुम्ही मूठभर उचलून म्हणालात, 'हे चिमण्यांना घाला.' सगळे हसले. त्या दिवसापासून साऱ्या पेठेनं कानाला खडा लावला. बारका, तांबडा, काळ्या तुसाचा, जो काही आम्ही घरी खातो तो मागच्या खोलीत. बाहेर फक्त तुमच्या पसंतीचा."

आचाऱ्याला ते आठवतही नव्हतं. तो खाली मान घालून म्हणाला, "आणि राणीसाहेब?"

"त्यांची दासी दर बाजारी यायची, पदराखालून न्यायची. त्या देवघरामागच्या चुलीवर स्वतः रांधायच्या. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलल्या नसतील."

"चुकलं माझं, आत्याबाई."

"चुकलं ते चुकलं. आधी पानावर बसा. मालक गेले तरी मी हाच शिजवते. एकटीपुरता केला तरी घर भरल्यासारखं वाटतं."

आचारी पागोटं काढून पाटावर बसला. भात, तूप, मीठ. तीनदा वाढून घेतला. तांदळाची टोपली घेऊन निघताना त्यानं विचारलं, "यात केशर किती घालू?"

"घालून तर बघा! परत पायरी चढू देणार नाही."

संध्याकाळी देवघरामागची चूल पेटली. वास दालनांतून फिरत राजाच्या खोलीपर्यंत गेला. राजा स्वतःच चालत चुलीपाशी आला आणि तिथंच जमिनीवर बसला. पहिला घास घेतल्यावर तो थोडा थांबला. मग त्यानं ताट रिकामं केलं आणि पुन्हा पुढे केलं.

आचाऱ्यानं वाढताना तोंड फिरवून डोळे पुसले. चुलीच्या धुराचं निमित्त होतंच.

दुसऱ्या दिवसापासून आचारी पागोट्याविना पेठेत जाऊ लागला आणि प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारू लागला, "तुमच्या घरी आज कोणता शिजलाय?" दुकानदार आधी लाजले, मग हसले, मग त्यांनी मागच्या खोल्यांची दारं उघडली. पेजेचा तांबडा, खिरीचा सुवासिक, आजाऱ्याला देण्याचा मऊ. टोपल्या मावेनात म्हणून पायऱ्यांवर आल्या. राजानं पावसाळा काढला, पुढचेही बरेच काढले. आचाऱ्याचं पोट मात्र सुटलं.

लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: ज्याला आपण एकदा हिणवतो, ते कितीही जवळ असलं तरी पुन्हा आपल्याला कोणी दाखवत नाही.