गोताडांचं छप्पर

"सांगा ना बुवा, घर बांधून दिलं तरी माणसं राहायला का येत नाहीत?"

मृण्मयी तणतणतच मठात शिरली. वादळानं पाडलेलं भिकाजी गोताडांचं घर तिनं आणि तिच्याबरोबर शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी तीन आठवड्यांत उभं केलं होतं. हाताला फोड आले, पण कौलं चढली. आणि गोताडांचं बिऱ्हाड शाळेच्या वर्गातून हलायला तयार नाही! सोमवारी शाळा सुरू होणार. मग ती माणसं जाणार कुठे? शिवाय शाबासकीही हवी होती तिला, खोटं कशाला बोला.

अच्युतबुवा सुपारी कातरत होते.

"भिकाजी काय म्हणतो?"

"काही बोलतच नाहीत. घरासमोर दगडावर बसून असतात. पहिल्या दिवशी शिडी धरायला आले होते. मी म्हटलं, काका, तुम्ही बसा. एवढं संकट कोसळलंय तुमच्यावर, आम्ही आहोत ना!"

"मग?"

"मग... बसले."

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

"चल."

भिकाजी दगडावरच होते; बायको अंगणात उभी होती, कॉलेजची पोरं आवराआवर करत होती. बुवांनी कफनी खोचली आणि सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ सरळ शिडी चढला. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी एक कौल काढून खाली पोरांकडे दिलं. मग दुसरं. मग तिसरं.

"अहो बुवा! हे काय करताय?" मृण्मयीला रडूच फुटायचं बाकी होतं.

बुवा कौलं काढतच राहिले. छपराला हे एवढं भगदाड पडलं.

...

"उतरा खाली!" भिकाजी कडाडले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पोरांनी पहिल्यांदाच ऐकला. "काढायची काही रीत असते की नाही? वीस वर्षं दर पावसाळ्याआधी या वाडीची कौलं चाळून नव्यानं बसवतोय मी! आणि ही लावलीत तरी कशी... दर्याचं वारं सरळ आत घुसेल."

बुवा मुकाट उतरले. भिकाजी चढले. त्यांनी दोन ओळी उसकटल्या, नव्यानं बसवल्या आणि वरूनच बायकोला हाक मारली, "सुनंदा, बघत काय राहिलीस? चुलीची जागा सारवून घे!"

सुनंदाकाकी पदर खोचून आत गेल्या.

मृण्मयी कितीतरी वेळ वर बघत राहिली. तिला लाजही वाटली आणि फार बरंही वाटलं.

"बुवा, मग आता आम्ही काय करायचं? परत जायचं?"

बुवांनी एक कौल उचलून तिच्या हातात दिलं.

"इथं खाली उभी राहा. तो मागेल तेव्हा दे."